कुंडीतला चहा मराठवाड्यात: ऊन, सावली आणि संजीवकांनी पानाचा रंग कसा फिरतो

बोंडं भरायच्या दिवसांत रात्रीचा पारा उतरला, मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडलं, की कापसाचं पान कडेकडून तांबूस होत जातं. आपल्याकडे त्याला लाल्या म्हणतात. चुनखडीच्या रानातला ऊस पिवळा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तो केवडा. चहाचं पान जांभळं किंवा सोनेरी होतं तेव्हा आत जे चालतं ते याहून फार निराळं नसतं. त्यामुळे ज्याला लाल्या आणि केवडा वेगवेगळे ओळखता येतात, त्याला चहाचं पान वाचणं जड जाऊ नये.

एकरावर चहा लावायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. आपल्याकडे पाऊस सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत उरकणारा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, आणि जमीन चुन्याची. चहाला आम्लधर्मी माती, दमट हवा आणि वर्षभर ओल लागते. इथं तो येतो कुंडीतच: कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात, शेडनेटच्या रोपवाटिकेत, नाहीतर पूर्वेकडच्या गॅलरीत. बारा कुंड्या असल्या तर खाली दिलेलं सगळं करून बघता येतं. नऊ असल्या तर सावलीचा भाग तरी नक्की जमतो.

पानात रंग असतात तीन जातींचे

हिरवा रंग हरितद्रव्याचा. त्याचे दोन प्रकार, ए आणि बी. पिवळा-केशरी कॅरोटिनॉइडचा; तो हिरव्याच्या आड दडलेला असतो, हिरवा कमी झाला की उघडा पडतो. हे दोन्ही हरितलवकात राहतात आणि पाण्यात विरघळत नाहीत. तिसरं अँथोसायनिन, म्हणजे जांभळाचा, वांग्याच्या सालीचा रंग. ते पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, रिक्तिकेत, विरघळलेलं असतं. चहाचं कोवळं पान तांबूस दिसतं ते याच्यामुळे. हा फरक लक्षात ठेवा, कारण मोजताना पहिल्या दोघांना अ‍ॅसिटोन लागतं आणि तिसऱ्याला आम्ल.

उजेड पानावर दोन वाटांनी काम करतो. एक म्हणजे अन्न: ऊन जास्त, तर साखर जास्त, आणि साखर साठली की अँथोसायनिन वाढायला वाव मिळतो. दुसरी वाट निरोपाची. लाल उजेड ओळखतं फायटोक्रोम, निळा ओळखतं क्रिप्टोक्रोम, अतिनील-बी किरण ओळखतं यूव्हीआर-८. अंधारात कॉप-१ नावाचं प्रथिन एचवाय-५ या दुसऱ्या प्रथिनाला मोडीत काढायला लावतं. उजेड पडला की कॉप-१ चे हात बांधले जातात, एचवाय-५ टिकतं, आणि रंग बनवणारी विकरं कामाला लागतात. चीनच्या युन्नानमधला झिजुआन हा जांभळा चहा आणि केनियात २०११ मध्ये लागवडीला आलेला टीआरएफके ३०६ हा वाण यांच्यात अँथोसायनिनचा हा रस्ता मुळातच मोकळा असतो. साध्या वाणात तो कोवळ्या पानापुरता उघडतो आणि पान जून झालं की मिटतो.

हरितद्रव्याची गंमत उलटी आहे. ते तयार होण्याची शेवटाकडची एक पायरी उजेडाशिवाय होतच नाही, म्हणून मिट्ट काळोखात उगवलेलं रोप पिवळंच राहतं. पण मंद सावलीत पान उन्हातल्यापेक्षा गडद होतं. कमी उजेडात पान उजेड पकडणारं जाळं मोठं पसरतं, विशेषतः हरितद्रव्य-बी वाढवतं, आणि कडक उन्हात होणारी रंगाची मोडतोडही थांबते. जपानमध्ये उजीच्या परिसरात ग्योकुरो आणि माचासाठीच्या चहावर खुडणीआधी सुमारे तीन आठवडे आच्छादन टाकतात ते याचसाठी. त्या पानात हिरवेपणा वाढतो, कॅटेचिन कमी राहतं आणि थिअनीन टिकून राहतं, म्हणून चव तुरटपणाकडून गोडसरपणाकडे झुकते.

काही वाण याच्या अगदी विरुद्ध वागतात. चीनमधला हुआंगजिनया कडक उजेडात सोनेरी होतो आणि सावलीत टाकला की हिरवा. आन्जीचा पांढरा चहा तर उजेडाऐवजी थंडीला जुमानतो. वसंतातल्या गार हवेत पानं फिकट येतात, ऊब वाढली की हिरवी होतात. म्हणून रोप घेताना वाण विचारून घ्या. मोठ्या पानाचा आसामी आणि छोट्या पानाचा चिनी, दोन्ही चालतात, पण एकाच प्रयोगात दोन्ही मिसळू नका. सगळी रोपं एका वाणाची, एका वयाची, शक्यतो कलमांपासून केलेली असावीत. बियांपासूनच्या रोपांत एक जात्याच तांबूस निघतं, दुसरं हिरवं, आणि नंतर श्रेय जातं सावलीच्या जाळीला.

आधी माती आणि पाणी, रंग नंतर

मराठवाड्यात चहाचं पान पिवळं पडलं तर दहातल्या नऊ वेळा दोष चुन्याचा असतो, उजेडाचा नाही. चहाला मातीचा सामू, म्हणजे पीएच, ४.५ ते ५.५ लागतो. आपली काळी माती ७.५ ते ८.५. बशीत चमचाभर कोरडी माती घ्या आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे उठून फसफसलं तर ती माती या कामाची नाही.

गंधक टाकून काळी माती आंबट करू, असं पुष्कळांना वाटतं. हिशोब करून बघा. १०० ग्रॅम चुनखडी संपवायला ३२ ग्रॅम गंधक लागतं. कुंडीत १५ किलो माती आणि तिच्यात ५ टक्के चुना धरला, तर चुना झाला ७५० ग्रॅम आणि गंधक २४० ग्रॅम. तेही जिवाणूंनी पचवून त्याचं आम्ल होईपर्यंत महिने जातात, तोवर रोप उरत नाही. त्यापेक्षा काळ्या मातीला हातच लावू नका.

१४ इंची कुंडी घ्या. तळाला छिद्रं मोठी हवीत. मिश्रण असं: जांभ्याची लाल माती ५ भाग, धुतलेलं कोकोपीट ३ भाग, कुजलेला पालापाचोळा २ भाग. कोकोपीट तीन पाण्यांतून धुवून घ्या, नाहीतर त्यातलं मीठ पानाची टोकं जाळतं. तळाला खडी घालायची असेल तर काळा बेसाल्ट चालतो. चुनखडीचा पांढरा खडा, विटांचे चुना-सिमेंट लागलेले तुकडे किंवा राख चालत नाही. मिश्रणाचा सामू माहीत करून घ्यायचा तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती परीक्षण होतं.

मिश्रण जमलं तरी बोअरचं पाणी घात करतं. त्यातले बायकार्बोनेट रोज थोडा थोडा चुना टाकत राहतात आणि चार महिन्यांत कुंडीचा सामू ७ च्या वर जातो. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. एसीतून ठिबकणारं पाणीही छान चालतं. आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी मात्र बोअरपेक्षाही वाईट. बोअरशिवाय गत्यंतर नसेल तर १० लिटरला ४ ते ५ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, टाका, ढवळा, दहा मिनिटांनी पीएच पट्टी बुडवा. ५.५ ते ६ यायला हवा. पाणी जितकं जड तितका ग्रॅमचा आकडा वाढेल, म्हणून पट्टीवर विश्वास ठेवा, चमच्यावर नाही.

खत म्हणून अमोनियम सल्फेट, लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. ते आम्लधर्मी आहे आणि चहाला नत्र अमोनियाच्या रूपात मानवतं. महिन्यातून एकदा मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम फवारा. कापसाच्या लाल्यावर हेच लिटरला १० ग्रॅमनं मारतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह अडकलं आहे असं समजा. फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि सायट्रिक अ‍ॅसिड १ ग्रॅम, लिटरभर पाण्यात, संध्याकाळी फवारा. जमिनीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए रूपातलं लोह घ्या. ईडीटीए रूपातलं सामू वाढला की टिकत नाही.

रोपं जूनअखेर ते जुलैत लावा, पावसाळ्यात मुळं धरू द्या आणि रंगाचे प्रयोग ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करा. त्या महिन्यांत दिवस उबदार आणि रात्री गार असतात, अँथोसायनिनला हेच मानवतं. रात्रीही २८ अंश असताना मेमध्ये जांभळं पान मागणं व्यर्थ आहे. उष्णतेत हा रंग बनतो कमी आणि मोडतो जास्त.

सावलीचा प्रयोग

तीन गट करा, प्रत्येकी किमान तीन कुंड्या. पहिला गट उघड्यावर, पण सकाळी ११ पर्यंतच. त्यानंतर ३५ टक्के जाळी. दुसरा दिवसभर ५० टक्के जाळीखाली. तिसरा टप्प्याटप्प्यानं ९० टक्क्यांपर्यंत न्यायचा.

जाळी काळीच घ्या. बाजारात हिरवी सर्रास मिळते, पण ती उजेड कमी करताना त्याचा रंगही बदलते, आणि मग परिणाम सावलीचा की रंगाचा हे कळत नाही. आणखी एक ठरलेली चूक: ५० टक्क्यांच्या दोन जाळ्या एकावर एक टाकल्या की १०० टक्के सावली झाली, असा समज. पहिली अर्धा उजेड सोडते, दुसरी त्याच्या अर्धा, म्हणजे २५ टक्के आत येतो. सावली झाली ७५ टक्के. जाळीवर धूळ बसली की हिशोब पुन्हा बदलतो, म्हणून आठवड्यातून एकदा झटका.

मोजायला मोबाईलमधलं लक्स मोजणारं अ‍ॅप ढोबळ कामाला चालतं. भर दुपारी उघड्यावर साधारण १ लाख लक्स येतात. सूर्यप्रकाशासाठी लक्सला ५४ ने भागलं की झाडाला उपयोगी उजेडाचा आकडा (दर चौरस मीटरला, दर सेकंदाला मायक्रोमोल) मिळतो: १ लाख लक्स म्हणजे सुमारे १,८५०, ५० टक्के जाळीखाली ९२५, ९० टक्के जाळीखाली १८५. एलईडी दिव्याखाली हा भागाकार लागू पडत नाही. मोबाईल पानाच्या उंचीवर, आडवा धरा. तिरका धरला तर आकडा निम्म्यावर येतो. सगळ्या कुंड्या एकाच मोबाईलनं मोजा.

तिसऱ्या गटाला पहिले ७ दिवस ५० टक्के, पुढचे ५ दिवस ७५ टक्के, मग ८ ते १० दिवस ९० टक्के. नवी फूट निघून दोन पानं उघडली की सुरुवात करायची. जून पानावर सावलीचा परिणाम फार कमी दिसतो. जाळी शेंड्यापासून दीड फूट वर बांधा. ती पानाला टेकली तर टेकेल तिथं पान करपतं.

निंबाच्या झाडाखाली कुंडी ठेवली तर काय बिघडतं, असा प्रश्न हमखास येतो. पुष्कळ बिघडतं. झाडाची पानं लाल उजेड शोषतात आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा दूरचा लाल उजेड खाली सोडतात. फायटोक्रोम त्यावरून ओळखतं की डोक्यावर दुसरं झाड आहे. मग रोप ऑक्सिन आणि जिबरेलिन ही संजीवकं, म्हणजे वाढ हाकणारी झाडातली रसायनं, वाढवून उंच पळायला लागतं. पेरी लांबतात, पानं फिकी पडतात. लक्स तेवढेच असले तरी काळ्या जाळीखालची कुंडी बसकी आणि गडद राहते, निंबाखालची लांबट आणि फिकी. आसामच्या मळ्यांत शिरीष वर्गातली सावलीची झाडं असतात, पण ती विरळ, उंच, गाळून ऊन सोडणारी असतात. निंबाची दाट सावली त्या जातीची नाही.

काचेआडही रंग मंदावतो. खिडकीची साधी काच अतिनील-बी जवळजवळ पूर्ण अडवते, पॉलिकार्बोनेट तर अडवतंच. त्यामुळे खिडकीत ठेवलेल्या झाडाची नवी फूट गच्चीवरच्यापेक्षा कमी तांबूस दिसली, तर नवल नाही.

आता पाण्याचा घोळ. उन्हातली कुंडी लवकर सुकते, सुकलेल्या झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संजीवक आणि साखर वाढते, पान तांबूस होतं, आणि वहीत लिहिलं जातं की उन्हानं रंग आला. हे टाळायचं तर कुंड्या वजनकाट्यावर ठेवा. पाणी दिल्यावर निथळून झालेलं वजन लिहून ठेवा आणि त्यात दीड किलो घट झाली की पाणी द्या, मग ती कुंडी उन्हातली असो वा सावलीतली.

सावली काढायचीही रीत आहे. ९० टक्क्यांखालचं पान थेट उघड्यावर आणलं तर दोन दिवसांत त्यावर पांढुरके, मग तपकिरी डाग पडतात, कारण त्याची जास्तीचा उजेड सोसायची तयारी मोडलेली असते. जाळी संध्याकाळी काढा, चढताना घेतलेल्या पायऱ्या उलट्या उतरा, सहा-सात दिवस लावा.

संजीवकं: पुडी घरात आहे म्हणून मारू नका

कडवंचीपासून तुळजापूरपर्यंत द्राक्ष असलेल्या घरात जीए आणि ६-बीए ही नावं नवी नाहीत. केसर आंब्यावाल्याला कल्टार ठाऊक, कापूसवाल्याला प्लॅनोफिक्स. पानाच्या रंगावर त्यांची कामं अशी:

सायटोकायनिन, म्हणजे ६-बीए, पानाचं म्हातारपण लांबवतं आणि हरितद्रव्य टिकवतं. १९५७ मध्ये रिचमंड आणि लँग यांनी गोखरूच्या, आपल्या बांधावर उगवणाऱ्या काटेरी बोंडांच्या तणाच्या, तोडलेल्या पानांवर कायनेटिन देऊन हे दाखवलं. जिबरेलिन, म्हणजे जीए, पेरी ताणतं, पान पसरतं, आणि तेच हरितद्रव्य मोठ्या पानात विरळ होऊन पान फिकं दिसतं. वाढीला लगाम घालणारी डेला प्रथिनं त्यानं मोडतात, म्हणून तांबूसपणाही घटतो. कल्टार जिबरेलिन बनणंच रोखतं, म्हणून पानं लहान आणि गडद होतात. पण ते मातीत फार काळ राहतं, त्या कुंडीत पुढे दुसरा प्रयोग करता येत नाही, म्हणून इथं वापरू नका. अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढ थोपवतं. रंगीत द्राक्षांत रंग भरायला ते वापरतात. जास्मोनेट हे किडीनं चावल्यावर झाड स्वतः बनवतं. ते अँथोसायनिनच्या यंत्रणेवरचा अडसर काढतं. इथिलीन हिरवा मोडतं आणि पान गाळतं.

झाडावर जाण्याआधी गव्हाच्या पानावर हात बसवा. ८ ते १० दिवसांच्या गव्हाच्या रोपांची पहिली पानं घ्या, टोक सोडून ३ सेंटिमीटरचे तुकडे करा. एका बशीत टिपकागद आणि साधं पाणी, दुसरीत ५ पीपीएम (म्हणजे लिटरला ५ मिलिग्रॅम) ६-बीए, तिसरीत १० पीपीएम अ‍ॅब्सिसिक आम्ल. प्रत्येकीत दहा तुकडे, झाकण, आणि अंधाऱ्या कपाटात. तीन-चार दिवसांत पाण्यातले पिवळे पडू लागतात, ६-बीएतले हिरवे राहतात आणि अ‍ॅब्सिसिकमधले सगळ्यांच्या आधी उतरतात. चहाचं पान चिवट. त्याला हेच दिसायला कितीतरी जास्त दिवस लागतात, आणि मध्येच कडा काळ्या पडतात.

आता द्रावण. ५० मिलिग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही. सोनाराकडे असतो तसा १० मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या आणि आधी १,००० पीपीएमचं मूळ द्रावण करा. ६-बीए पाण्यात विरघळत नाही: १०० मिलिग्रॅम पूड छोट्या ग्लासात घ्या, कॉस्टिक सोड्याचं ४ टक्के द्रावण थेंबथेंब सोडा, पूड दिसेनाशी होईपर्यंत १ ते २ मिलिलिटर लागतं, मग शुद्ध पाण्यानं १०० मिलिलिटर करा. पाणी एकदम ओतलं तर पांढरा साका येतो. आला तर पुन्हा दोन थेंब सोडा. जीए आणि अ‍ॅब्सिसिक आम्ल २ मिलिलिटर अल्कोहोलमध्ये विरघळवून तसंच १०० मिलिलिटर करा. पुडीवर ९० टक्के लिहिलं असेल तर १०० ऐवजी सुमारे ११० मिलिग्रॅम घ्या. द्रावणं काळ्या बाटलीत, फ्रीजमध्ये, खाण्याच्या वस्तूंपासून दूर, नाव आणि तारीख लिहून. कॉस्टिक सोडा हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

फवारणीला मूळ द्रावण ५ मिलिलिटर आणि पाणी ९५ मिलिलिटर, म्हणजे ५० पीपीएम. हा आकडा तिघांनाही पुरतो. एका कुंडीला ३० ते ४० मिलिलिटर, पानाच्या दोन्ही बाजूंनी, चिकटद्रव्य लिटरला अर्धा मिलिलिटर. वेळ संध्याकाळची, कारण अ‍ॅब्सिसिक आम्ल उन्हात मोडतं. सात दिवसांनी दुसरी फवारणी, चौदाव्या दिवशी मोजणी. पाणी शुद्ध किंवा पावसाचं. जीए अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही. इथ्रेलचं तर बोअरच्या पाण्यात हसंच होतं: सामू ५ च्या वर गेला की त्यातून इथिलीन वायू सुटायला लागतो, म्हणजे औषध पंपातच उडून जातं. चहाच्या कुंडीवर ते मारूही नका, नवी फूट गळते.

चौथा गट कोरा ठेवायचा, पण निव्वळ पाणी मारून नाही. त्यावरही तेवढाच सोडा किंवा अल्कोहोल आणि तेवढंच चिकटद्रव्य मारा. हे टाळलं तर पान अल्कोहोलनं सुकलं की संजीवकानं, सांगता येत नाही. सगळ्या कुंड्या एकाच ५० टक्के जाळीखाली असाव्यात. मिथाइल जास्मोनेट वापरून बघायचंच असेल तर लिटरला २२ मिलिग्रॅमपर्यंत थांबा आणि ती कुंडी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. ते उडतं, आणि शेजारची झाडंसुद्धा त्याच्या वाफेला उत्तर देतात.

फवारलेल्या झाडाचं पान चहाच्या भांड्यात टाकायचं नाही, पुढच्या फुटीचंसुद्धा.

मोजणी

डोळा फसवतो, म्हणून पान ठरवून घ्या: शेंड्याच्या कळीपासून मोजलेलं दुसरं पान, सकाळी ९ च्या सुमाराला. फांदीला प्रयोगाच्या पहिल्या दिवशी रंगीत दोरा बांधा, म्हणजे त्याच्या वर आलेलं पान नवं आणि खालचं जुनं.

हरितद्रव्यासाठी ०.२ ग्रॅम पान, शिर काढून, थंड खलात ८० टक्के अ‍ॅसिटोन घालून वाटा. चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट टाका. ज्या चुन्याला कुंडीतून हाकललं त्याला इथं मान आहे: चहाच्या पानातलं आम्ल हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून त्याला मळकट तपकिरी करतं, चुना ते थांबवतो. गाळून २५ मिलिलिटर करा, उजेडापासून झाका आणि तासाभरात स्पेक्ट्रोफोटोमीटर यंत्रावर ६६३ आणि ६४५ नॅनोमीटरला वाचा. १९४९ चं अर्नन यांचं सूत्र, लिटरला मिलिग्रॅममध्ये:

हरितद्रव्य-ए = १२.७ × (६६३ चं वाचन) − २.६९ × (६४५ चं वाचन)
हरितद्रव्य-बी = २२.९ × (६४५ चं वाचन) − ४.६८ × (६६३ चं वाचन)

समजा वाचनं ०.८० आणि ०.३५ आली. ए येतं ९.२२, बी ४.२७, बेरीज १३.४९. त्याला ०.०२५ लिटरनं गुणून ०.२ ग्रॅमनं भागलं की ग्रॅम पानात १.६९ मिलिग्रॅम. ए भागिले बी २.१६. सावलीतल्या गटात बेरीज वाढलेली आणि हा भागाकार उतरलेला दिसला तर झाडानं सावली खरोखर ओळखली आहे. बेरीज वाढली पण भागाकार हलला नाही, तर आधी नत्राचा संशय घ्या. वाचन १ च्या वर गेलं तर द्रावण पातळ करून पुन्हा वाचा.

अँथोसायनिनसाठी तेवढंच पान १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या मिथेनॉलमध्ये, अंधारात, फ्रीजमध्ये २४ तास. मग ५३० नॅनोमीटरच्या वाचनातून ६५७ च्या वाचनाचा पाव भाग वजा करा. हरितद्रव्याचा अडथळा तेवढा निघून जातो. मिथेनॉल विषारी आहे, हे काम प्रयोगशाळेतच करा. घरी करायचं तर तांबूस पानं बारीक कातरून गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पाणी दोन वाट्यांत घ्या, एकीत लिंबू पिळा आणि दुसरीत खायचा सोडा टाका. लिंबाची वाटी गुलाबीकडे आणि सोड्याची मळकट हिरव्या-निळ्याकडे गेली तर तांबूसपणा अँथोसायनिनचा आहे.

लाल दिसलं म्हणजे रंग आला असं नव्हे

कोरड्या हवेत चहावर लाल कोळी पडतो. जून पानाच्या वरच्या बाजूला, शिरेलगत तांब्याच्या भांड्यासारखी झाक येते, आणि लांबून बघणारा खूश होतो. पांढरा कागद पानाखाली धरा आणि पानावर टिचकी मारा. कागदावर पडलेले कण सरकायला लागले तर तो कोळी. अँथोसायनिनचा रंग कोवळ्या पानात, सारखा पसरलेला असतो आणि अंगठ्यानं चोळून निघत नाही. कोळ्यावर पहिला उपाय म्हणजे दोन-तीन दिवस सकाळी पानं पाण्याच्या फवाऱ्यानं धुणं. गंधक मारायचं असेल तर ३५ अंशांच्या वर कधीच नाही, पान भाजतं.

कडा आणि टोकं तपकिरी, बाकी पान हिरवं: मीठ. कुंडीत आम्ल केलेलं पाणी भरपूर सोडा, तळातून निथळू द्या, खत महिनाभर बंद. पानाच्या मध्यावर, उन्हाच्या बाजूलाच पांढुरका डाग: उन्हाचा चटका, जाळी घाईनं काढल्याचा. खालची जुनी पानं एकसारखी पिवळी: नत्र. वरची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या: लोह, म्हणजे पुन्हा पाण्याचा सामू तपासा. सगळंच झाड मलूल आणि माती ओली: मुळं कुजली आहेत, रोप उपसून काळी मुळं कापा आणि नव्या मिश्रणात लावा, त्या रोपाची नोंद प्रयोगातून काढून टाका.

मार्चचा दुसरा आठवडा आला की मोजणी थांबवा. कुंड्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीलगत, ७५ टक्के जाळीखाली हलवा, भोवती ओलं गोणपाट टांगा, बुडाखाली वाळूचा ट्रे ठेवून वाळू भिजत ठेवा. मेमध्ये नवी फूट थांबेल, पानं फिकी दिसतील. त्यावर खत किंवा ६-बीए मारू नका. पहिल्या दोन-तीन दमदार पावसांनंतर शेंडे चार बोटं छाटा. त्यानंतर जी फूट येईल तिच्यावर पुढची वही उघडायची.